माल सुस्थितीत मिळाला

सुमेधा मॅडमनी कुलपावरच्या लाखेवर किल्लीच्या टोकाने दोनदा ठोकलं. पहिल्यांदा नुसता चरा उठला, दुसऱ्यांदा लाख फुटली आणि तिचे तांबडे तुकडे पायरीवर पडले. कुलपाभोवतीचं फडकं सोडवून त्यांनी घडी घालून फायलीत ठेवलं आणि कुलूप काढलं. शटर गंजून बसलं होतं. टेम्पोवाला केनी आणि गोदामाचा राखणदार या दोघांनी खालून जोर लावला, तेव्हा ते कुरकुरत कमरेपर्यंत वर गेलं आणि तिथेच अडकलं.

धर्मा म्हात्रे वाकून आत गेला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सातिवलीच्या त्या गोदामात पत्र्याची धग साठली होती. उंदरांचा आणि जुन्या भुशाचा वास येत होता. समोर भिंतीला लावून गोण्यांची थप्पी होती. धर्मा तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग जवळ जाऊन त्याने एका गोणीवरून हात फिरवला, दुसऱ्या गोणीवरून फिरवला. सगळ्या गोण्या एकसारख्या होत्या. नव्या तागाच्या, हिरव्या अक्षरांचा शिक्का मारलेल्या.

"आमच्या गोन्या कुठं हायेत?" त्याने विचारलं.

"काका, जुन्या राहिल्याच नव्हत्या," सुमेधा मॅडम शटरखालून आत येत म्हणाल्या. "उंदरांनी कुरतडल्या. पावसाळ्यानंतर गोदामवाल्यांनी माल नव्या गोण्यांमध्ये भरला. चौऱ्याऐंशीच्या एकोणसत्तर झाल्या, कारण या मोठ्या आहेत. वजन नोंदीप्रमाणे आहे."

"सगळा एकत्र भरला?"

"कागदावर मालक एकच आहे ना. तुम्ही."

धर्माने मान हलवली.

मालक तो नव्हताच. गासच्या पुढे खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची भाताची गिरण होती आणि गिरणीला लागून एक पत्र्याची शेड. गावातली जुनी घरं गेली, त्यांच्या जागी स्लॅबची घरं आली, कुणी सोपाऱ्याला फ्लॅट घेतला. भात ठेवायला कुणाच्या घरात जागा उरली नाही. तेव्हापासून कापणी झोडणी झाली की अकरा घरं आपापलं भात धर्माच्या शेडमध्ये आणून ठेवत. लागेल तशी एक एक गोणी तो भरडून देई. प्रत्येक घराची खूण ठरलेली होती. हरेशच्या गोण्यांना निळी सुतळी, मटिल्डाबायच्या गोण्यांवर डांबराने काढलेला क्रूस, कुणाची साडीच्या काठाची चिंधी. अंधारातही धर्मा हाताने चाचपून सांगू शकायचा की गोणी कुणाची.

सोळा महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, पुरवठा खात्याची तपासणी मोहीम निघाली. सुमेधा मॅडम त्या खात्यात निरीक्षक होत्या. त्या ट्रक घेऊन गिरणीवर आल्या, शेड बघितली आणि धान्य साठवण्याचा परवाना मागितला. परवाना नव्हता. हे लोकांचं भात आहे, असं धर्माने पुन्हा पुन्हा सांगितलं. लोक कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. त्या दुपारी सगळा गाव दोन बस करून अर्नाळ्याला लग्नाला गेला होता. पंच म्हणून दोन माणसं सोपाऱ्याहून आणावी लागली. चार वाजेपर्यंत शेड रिकामी झाली.

संध्याकाळी लोक परतले. धर्माने पंचनाम्याची प्रत दाखवली. पहिले काही दिवस सगळे त्याच्या बाजूने होते, दोनदा कचेरीतही गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की प्रकरण धर्मा म्हात्रे यांच्या नावावर आहे, त्यांनाच बोलू द्या. मग जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. भात काही येईना. भाव वाढला होता. कुणीतरी म्हणालं की ट्रक आलेला बघितलाय कोणी? कागद काय, कोणीही करून आणतो. हरेश हा धर्माचा चुलतभाऊ. तो एकदा गावच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, दादानं भात मुंबईला विकला असेल तर सांगून टाकावं, आपण काय त्याला फाशी देणार नाही. लोक हसले. धर्माही थोडा हसला होता, ते त्याला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

त्यानंतर गिरणीवर कुणी आलं नाही. लोक भात भरडायला निर्मळला नेऊ लागले. धर्मा रोज सकाळी गिरणीचं दार उघडायचा, पट्ट्याला हात लावून बघायचा आणि दुपारी दार लावायचा. पुढे पुढे त्याने दार उघडणंही सोडलं. बायको शकू काही विचारायची, त्यावर तो उत्तर द्यायचा, पण प्रश्न संपल्यावर बऱ्याच वेळाने. त्याला राग येत नव्हता. रडूही येत नव्हतं. शकूने डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टर म्हणाले की रक्तदाब चांगला आहे.

मग या मार्च महिन्यात नियम बदलला. शेतकऱ्यांचं भात ठेवणाऱ्या लहान गिरण्यांना परवान्याची गरज नाही, असं ठरलं. जुनी प्रकरणं मिटवायची होती. धर्माला कचेरीत बोलावून भात सोडण्याचा आदेश दिला गेला. तो त्याने दोनदा वाचून घेतला. मी चोरी केली नाय असं यात कुठं लिहिलंय, असं त्याने सुमेधा मॅडमना विचारलं होतं. चोरीचा प्रश्नच नव्हता काका, परवान्याचा होता, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि आता परवानाच लागत नाही.

गोण्या टेम्पोत चढवायला तास गेला. सुमेधा मॅडमनी टेम्पोच्या बॉनेटवर पावती ठेवली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. वर छापलेलं होतं, वरील माल सुस्थितीत मिळाला. एखादी गोणी उघडून बघायची का, असं त्यांनी विचारलं. धर्माने नको म्हटलं आणि सही केली. त्यांनी पावतीची एक प्रत फाडून त्याला दिली, फाईल पिशवीत घातली आणि रिक्षा मिळते का ते बघायला रस्त्याकडे वळल्या.

"मॅडम," धर्मा म्हणाला. "तुमी गावात याल?"

त्या थांबल्या. "कशाला?"

"भात परत द्यायचाय. अकरा घरं हायेत."

"माझं काम इथे संपलं काका. वाटप तुमचं तुम्हीच करायचं."

"वाटप मीच करीन. तुमी काय बोलू नका. नुसत्या पुढं बसा. गळ्यातलं कार्ड दिसलं पायजे."

सुमेधा मॅडमनी गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं, जणू ते तिथे आहे हे त्या विसरल्या होत्या. दोन वाजत आले होते. त्यांनी फोन काढला, कचेरीत कुणालातरी सांगितलं की ताबा द्यायला वेळ लागतोय, शटर अडकलंय. मग त्या केनीच्या शेजारी चढून बसल्या. धर्मा दाराकडेला बसला.

रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला यायला पाऊण तास लागला. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या की तेव्हा नियम तसा होता, मी नाही केलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं. धर्मा म्हणाला, हो. त्याला ते पटलंही होतं. केनीने रेडिओ लावला, थोड्या वेळाने आपणच बंद केला.

पहिलं घर हरेशचं होतं. टेम्पो दारात थांबला तेव्हा हरेश ओटीवर उघडाच बसला होता. त्याने आधी गोण्या बघितल्या, मग पुढून उतरणाऱ्या मॅडम बघितल्या आणि आत जाऊन सदरा घालून आला. धर्माने सांगितलं की या पुरवठा खात्याच्या मॅडम, यांनीच भात नेला होता, आज यांनीच सोडला. सुमेधा मॅडमनी मान हलवली. हरेशने दोन खुर्च्या आणवल्या, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि चहा ठेवायला सांगितलं.

गोण्या उतरल्या. हरेशने एकीचं तोंड सोडून मूठभर भात हातावर घेतलं.

"हा आमचा भात नाय," तो म्हणाला.

"सगल्यांचाच हाय," धर्मा म्हणाला. "मिसललाय."

हरेशने मूठ परत गोणीत रिकामी केली. मग बशीतला चहा धर्मापुढे करत तो सहज म्हणाला, "दादा, खरं सांगतो, आपल्याला कधी तसं वाटलंच नव्हतं."

धर्माने बशी घेतली. या वाक्याची तो सोळा महिने वाट बघत होता. कुणाकडून तरी, कुठल्याही शब्दांत. आता ते आलं होतं, तर त्याने मनात चाचपून बघितलं. आत कुठे काही हललं नव्हतं. चहा गरम होता एवढं कळलं, गोड होता की नाही ते कळलं नाही. त्याने बशी खाली ठेवली आणि केनीला म्हणाला, चल.

पुढच्या आठ घरी असंच झालं. लोक कार्डाकडे बघायचे, मग धर्माकडे. कुणी पाणी दिलं, कुणी सरकारला शिव्या घातल्या आणि मॅडम समोर आहेत हे आठवून गप्प झालं. एका घरी कुलूप होतं, त्यांच्या गोण्या शेजाऱ्यांकडे ठेवल्या. एका म्हातारीला आता दिसत नव्हतं. तिने गोणीला हात लावून विचारलं, आमची चिंधी कुठं गेली? धर्माने सांगितलं, ती फाटली. कुणी त्याला वाईट बोललं नाही. कुणाच्या किती जुन्या गोण्या होत्या ते त्याला तोंडपाठ होतं, त्याच हिशेबाने त्याने नव्या वाटल्या आणि कुणी उलट प्रश्नही केला नाही. सुमेधा मॅडम सांगितल्याप्रमाणे गप्प होत्या. फक्त प्रत्येक घरी त्या स्वतःहून आधी उतरू लागल्या होत्या.

गिरणीच्या वळणावर मटिल्डाबायचं घर. मटिल्डाबाय सत्तरीला टेकल्या होत्या. खाडीलगतच्या त्यांच्या खाऱ्या तुकड्यात लाल भात व्हायचं. गावात ते आता दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. बाळंतिणीला त्याची पेज देतात म्हणून लांबून लोक मागायला येत. ते बी सासूच्या हातचं आहे, असं मटिल्डाबाय सांगायच्या. या सोळा महिन्यांत त्या धर्माशी बोलल्या नव्हत्या. चर्चमधून परतताना गिरणीसमोर आल्या की त्या पदर सारखा करत दुसऱ्या बाजूला बघत जायच्या. मध्यंतरी सून बाळंत झाली, तेव्हा दुकानातला तांदूळ शिजवावा लागला, हे धर्माच्या कानावर आलं होतं. हरेशच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं असतं, पण तोवर काही लागायचंच थांबलं होतं.

त्या दारातच होत्या. घरावर नवी खोली चढलेली होती. तिला अजून बाहेरून गिलावा नव्हता. केनीने सहा गोण्या पडवीत रचल्या. मटिल्डाबायनी स्टूल ओढून घेतलं, गुडघा धरत बसल्या आणि एका गोणीची शिवण सोडली. मूठभर भात तळव्यावर घेऊन दुसऱ्या तळव्याने रगडलं, फुंकर मारून साल उडवली. तळव्यावर पांढरे दाणे राहिले. त्यांत चार-पाच लाल होते.

"मिसललं," त्या म्हणाल्या.

"हो बाय. सगल्या गोन्यांत थोडं थोडं गेलंय."

"बियाला नाय चालायचं मग ते." त्यांनी दाणे पुन्हा गोणीत टाकले नाहीत, मुठीतच धरून ठेवले.

धर्माने मॅडमची ओळख करून दिली, नऊ घरी करून दिली होती त्याच शब्दांत. पण सुमेधा मॅडमचं लक्ष नव्हतं. त्या दाराकडे बघत होत्या, मग वळून त्यांनी रस्त्यापलीकडच्या गिरणीकडे बघितलं.

"मी आले होते इथे," त्या म्हणाल्या. गावात आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "त्या दिवशी. पंच पाहिजे होते म्हणून. हेच दार. मी बराच वेळ वाजवलं. घरात कुणी नव्हतं."

मटिल्डाबाय त्यांच्याकडे बघत राहिल्या. आतून बाळाचा आवाज आला आणि सून त्याला घेऊन मागच्या अंगणात गेली, तो आवाज लांब झाला.

"होते," मटिल्डाबाय म्हणाल्या. "मी होते आत."

टेम्पोत केनी रिकाम्या जागेवरचा भुसा झाडूने लोटत होता.

"वरची खोली बिनपरवाना म्हणून नोटीस आली होती," त्या मॅडमना नव्हे, धर्माला सांगू लागल्या. "माझा पोरगा फेबियन बोलला होता, सरकारी माणूस आला तर दार उघडू नको. म्हणून नाय उघडलं. खिडकीच्या फटीतून बघत होते. ट्रक बघितला. माझ्या क्रूसाच्या गोन्या चढवल्या, त्या पन बघितल्या. तू यांच्या पुढं हात जोडत होतास."

धर्माने पडवीच्या खांबाला हात लावला.

"दुसऱ्या दिवशी सांगनार होते. पन लोक तुझ्याच बाजूनं होते तेव्हा, मला वाटलं गरज नाय. मग लोक वाईट बोलायला लागले. तेव्हा सांगितलं असतं तर विचारलं असतं, इतके दिवस का गप्प बसलीस. मग आनखी दिवस गेले." त्यांनी मूठ उघडून दाण्यांकडे बघितलं. "तुझ्या तोंडाकडं बघवेना रे मला. तुला वाटलं असेल मी तुला चोर समजते."

"हो," धर्मा म्हणाला. "तसंच वाटलं."

मटिल्डाबाय त्याच्या बोलण्याची वाट बघत होत्या. आपण ओरडलो तर त्यांना बरं वाटेल, हे धर्माला दिसत होतं. ओरडण्यासारखं काही आहे का, हे त्याने पुन्हा एकदा आत बघितलं. मग त्याने विचारलं, "मुलगी झाली का मुलगा?"

"मुलगी," मटिल्डाबाय म्हणाल्या. "डेल्फिन नाव ठेवलं."

"बरं झालं," धर्मा म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

शेवटच्या घरी गोण्या टाकून टेम्पो सोपाऱ्याच्या नाक्यावर आला, तेव्हा साडेपाच झाले होते. सुमेधा मॅडम उतरल्या, पण लगेच गेल्या नाहीत. टेम्पोच्या खिडकीशी उभ्या राहून त्या म्हणाल्या की त्या बाईंचा जबाब लिहून घेता येईल. प्रकरण बंद झालंय, पण अर्ज केलात तर फायलीला जोडता येईल, प्रत्यक्ष बघितलेला साक्षीदार होता असा. तुम्हाला गावात दाखवता येईल. त्यांनी पिशवीतून कोरा कागदही काढला होता.

"नको," धर्मा म्हणाला.

"काका, तुम्हाला असं काहीतरी लिहून पाहिजे होतं ना?"

"पायजे होतं."

त्यांनी कागद परत पिशवीत ठेवला. जाताना त्या काहीतरी म्हणाल्या, पण मागून बसचा हॉर्न वाजला आणि धर्माला ते ऐकू आलं नाही. त्याने हात वर केला, त्यांनीही केला.

घरी शकू दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती, कारण दुपारपासून तीन बाया तिच्याकडे येऊन गेल्या होत्या. एकीने केळी आणली होती. धर्माने पाय धुतले. शकूने जेवायला वाढलं आणि समोर बसून ती एकेका घराचं विचारू लागली. हरेश काय म्हणाला? त्याने सांगितलं. शकूच्या ओठांवर हसू येऊन गेलं, ते चांगलं नव्हतं. चहा दिला का? दिला. सरपंचाच्या भावाने? पाणी दिलं. ज्यांनी ज्यांनी तोंड टाकलं होतं, त्यांची नावं ती एक एक करून घेत होती आणि आज त्यांची तोंडं कशी झाली ते तिला ऐकायचं होतं. धर्मा थोड्या शब्दांत सांगत गेला. आज तो लवकर उत्तरं देतोय, हे तिच्या लक्षात आलं होतं. ती आणखी विचारत राहिली.

"आनि मटिल्डाबाय?"

धर्माने भाकरीचा तुकडा मोडला. "तिचा लाल भात मिसलला. बियाचा राहिला नाय."

"अरे देवा." शकू खरंच हळहळली. मग म्हणाली की उद्या केळ्यांतली अर्धी तिच्याकडे देऊन येते, सुनेला होतील. "गावात एकटी तीच. सगले आपल्याबद्दल नाय नाय ते बोलले, पन तिच्या तोंडातून कधी एक शब्द निघाला नाय."

धर्माने घास चावला, गिळला, तांब्यातलं पाणी प्यायला.

"नाय," तो म्हणाला. "नाय निघाला."